बावीस दिवसांचा उमरा

औरंगाबादच्या शहागंजातल्या खजूरवाल्यानं मान वर न करता विचारलं, "लेबल काढून देऊ का?" आणि भर उन्हात फारूख जागच्या जागी गार पडला. त्यानं फक्त दोन किलो चांगला खजूर मागितला होता. कशासाठी, ते तो बोलला नव्हता. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस, नुकतंच तुळतुळीत केलेलं डोकं आणि दोन किलो खजूर, एवढ्यावर दुकानदाराला बाकीचं कळलं होतं. तो नखानं पेटीवरची चिठ्ठी सोलत म्हणाला, लोक विमानातल्या वजनाला भितात, मदिन्याहून किलोभर आणतात आणि उरलेला इथून नेतात, त्यात लाजायचं काय, सगळेच नेतात. चिठ्ठी अर्धी निघाली, अर्धी पुठ्ठ्याला चिकटून राहिली. त्यानं ओल्या बोटानं तीही घासून काढली आणि पेटी पुढं सरकवली. फारूखला वाटलं, या माणसाला सांगून टाकावं की बाबा, मी किलोभरसुद्धा आणलेला नाही, मी त्या गावाला गेलेलोच नाही. अनोळखी माणसाला सांगणं सोपं होतं. पण मागं दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. त्यानं पेटी काखेत मारली आणि तो रोशन गेटच्या दिशेनं चालायला लागला.

एप्रिल संपत आला होता. हा दरवर्षी त्याच्या रिकामपणाचा महिना. वेरूळ-अजिंठ्याचे परदेशी पाहुणे मार्चमध्येच आटोपतात आणि गाइड लोक मग एकमेकांनाच जुन्या सीझनच्या गोष्टी सांगत बसतात. फारूख पंचवीस वर्षं स्पॅनिशचा गाइड होता. गावात जपानीवाले होते, फ्रेंचवाले होते, जर्मनवाले होते. स्पॅनिशवाले मोजून चार, त्यात हा सगळ्यांत जुना. हैदराबादला मावशीच्या माळ्यावर झोपून दोन वर्षं त्यानं ती भाषा घोटली आणि पुढं तिच्यावर घर चालवलं. कैलास वरून खाली कसा कोरत आणला, पहिली छिन्नी कुठं लागली असेल, हे तो असं सांगे की ऐकणारी माणसं आपोआप हळू बोलायला लागत. जाताना सगळे म्हणत, आमच्याकडं या, आमचं घर ते तुमचंच. हे पत्ते तो एका वहीत उतरवून ठेवी. त्याची बायको फहमिदा त्या वहीला हसायची. दुनियाभर घरं आहेत तुमची, म्हणायची, झोपायला मात्र हीच खाट. ती गेल्याला सात वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. आता घरात ऐंशीला टेकलेली अम्मी आणि तो, दोघंच, आणि दोघांत मिळून दिवसाला पंचवीस-तीस वाक्यं होत असतील, तीही बहुतेक औषधांबद्दलची.

दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाला जायचं त्यानं ठरवलं, त्याला तसं मोठं कारण नव्हतं. स्पॅनिश चालते त्या बाजूला तो सगळ्यांत स्वस्त देश. आणि एका हिवाळ्यात तिथल्या एका बाईनं त्याला कैलासाच्या अंगणात उभं राहून सांगितलं होतं की आमच्याकडं मिठाची जमीन आहे, नजर पोचेल तिथवर पांढरी, उभं काहीच नाही. फारूखचं आयुष्य दगडाच्या भिंतींमध्ये गेलं होतं. भिंतच नसलेली जागा कशी असते ते एकदा पाहावं, असं त्याला वाटलं आणि वाटतच राहिलं. पाच सीझनची बक्षिसी तिकिटातच संपली. उरलेल्यात तिथं बावीस दिवस काढायचे म्हणजे पाठीवरच्या एका पिशवीत संसार आणि मिळेल त्या खाटेवर झोप. कोवळ्या पोरांनी करायची गोष्ट. म्हणूनच की काय, त्यानं ती कुणाला सांगितली नाही. अम्मीला मात्र सांगावंच लागलं. बावीस दिवस बाहेर मुलकात जाऊन येतो, तो म्हणाला. ती खिडकीशी तख्तावर बसली होती. मोतीबिंदूनं दुधाळ झालेले डोळे तिनं त्याच्याकडं वळवले आणि म्हणाली, "उमऱ्याला?" त्या गल्लीतून बाहेर मुलकात जाणारी माणसं दोनच प्रकारची, आखातात नोकरीला जाणारी पोरं आणि मक्का-मदिन्याला जाणारी बाकीची. नोकरीचं त्याचं वय राहिलं नव्हतं. तिच्या तोंडावर असा उजेड पसरला की 'नाही' म्हणायला त्याला एका श्वासाचा उशीर झाला. तेवढ्यात तिनं शेजारच्या वहिदाला हाक मारली होती. 'नाही' वेळेवर आलं नाही की पुढं त्याला जागा राहत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. निघायच्या दिवशी दारात माणसं जमली, गळ्यात हार पडले, ज्यांच्याशी त्याचं कधी भांडणही झालं नव्हतं त्यांनी बोलल्याचाल्याची माफी मागितली, चांदपाशा रिक्षावाल्यानं स्टेशनपर्यंतचं भाडं घेतलं नाही. प्रत्येक हाराला त्याची मान थोडी अधिक वाकत गेली आणि लोकांना ती नम्रता वाटली.

अम्मीनं एकच काम सांगितलं. तिचे वडील, फारूखचे नाना, मदिन्यात दफन होते, जन्नतुल बकी नावाच्या मोठ्या कब्रस्तानात. कन्नडला ते निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, जमादार होते. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे निजामाचं राज्य गेलं तेव्हा, अम्मी नऊ वर्षांची असताना, हैदराबादला जातो म्हणून निघाले, तिथून तसेच हजला गेले आणि मदिन्यात त्यांना मौत आली. ही गोष्ट फारूखनं लहानपणापासून ऐकली होती, नानांच्या नशिबाची गोष्ट म्हणून, आणि ती सांगताना अम्मीचा आवाज नेहमीच थोडा सरळ होई. "बकीत जा," ती म्हणाली, "अन् नानांना माझा सलाम सांग. म्हण, गौहरनं सांगितलाय. सत्तर वर्षं झाली रे, आपल्यातलं कुणी गेलंच नाय त्यांच्याकडं." तो "सांगतो" म्हणाला. 

ला पाझ गावी उतरल्या उतरल्या त्याला दम लागला, तो शेवटपर्यंत लागलेलाच राहिला. गाव इतकं उंचावर की परका माणूस दहा पायऱ्या चढला की भिंतीला हात लावून उभा राहतो. आठ खाटांच्या खोलीत बाकीचे सात विशी-बाविशीचे. ते त्याच्याशी फार अदबीनं वागत, म्हणजे बोलत नसत. पहिल्याच संध्याकाळी त्याला आणखी एक ब्लँकेट हवं होतं. काउंटरवरच्या मुलीपुढं तो उभा राहिला आणि त्याला कळलं की ब्लँकेटला काय म्हणतात हे आपल्याला ठाऊक नाही. स्तूपाला काय म्हणतात, खांबाच्या शिराला काय म्हणतात, 'डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी आहे' हे कसं म्हणतात, सगळं जिभेवर होतं. पंचवीस वर्षं तो त्या भाषेत सांगतच आला होता. त्यानं तिच्यात कधी काही मागितलं नव्हतं. 'मला थंडी वाजते' हे वाक्य त्याच्यापाशी नव्हतं, कारण वेरूळला त्याच्या पाहुण्यांपैकी कुणालाच थंडी वाजत नसे. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी मारून दाखवली आणि मुलगी हसली. वहीतला त्या देशातला पत्ता एकच होता, मिठाची जमीन सांगणाऱ्या बाईचा. तिनं फोनवर फार आनंदानं चौकशी केली, पण नेमकी त्याच आठवड्यात ती गावात नव्हती. मग तो दिवसभर चालत राही, कारण चालायला पैसे पडत नाहीत. उतारावरच्या बाजारातून, वायरींच्या जाळ्यांखालून, कुणाला काही न सांगता. एखाद्या चर्चपुढं थांबला की मनात आपोआप वाक्यं जुळायला लागत, डावीकडं पाहा, ही कमान पाहा, आणि मग लक्षात येई की मागं कुणी उभं नाही.

मंडईत एक बाई शेंगदाण्याचं सूप विकायची. दोन लांब वेण्या, डोक्यावर गोल हॅट, कमरेला घेरदार घागऱ्यासारखं काहीतरी. मटण काढून दे म्हटल्यावर तिनं कारण विचारलं नाही. पहिल्या घोटालाच त्याला कन्नडचं आजोळ आठवलं, शेजारच्या सरोजिनीकाकूंकडून एकादशीला यायची ती दाण्याची आमटी, आणि पितळेची वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून नानी तिच्यात घालायची ती मूठभर साखर. तो रोज तिथंच जेवायला लागला. चौथ्या दिवशी तिनं त्याला 'कासेरो' म्हटलं, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. अख्ख्या प्रवासात त्याला लाभलेलं नातं ते एवढंच, आणि खोटं कशाला बोला, त्या दिवशी तो खोलीपर्यंत दम न लागता गेला. पाचव्या दिवशी तिनं पैसे घेतले नाहीत आणि विचारलं, तुमच्याबरोबर कुणी नाही का? आहेत, खोलीत सात जण आहेत, असं त्यानं तिला व्याकरणाला धरून उत्तर दिलं. मग दिवसभर ते बिनचूक उत्तर त्याला छळत राहिलं.

मिठाच्या जमिनीवर तो आणखी पाच जणांबरोबर वर्गणीच्या जीपनं गेला. ड्रायव्हरनं तासभर गाडी थांबवली. पोरं उड्या मारत एकमेकांचे फोटो काढायला लागली आणि फारूख त्यांच्यापासून चालत निघाला, ती बोटाएवढी दिसेपर्यंत. पायाखाली पांढरं, पुढं पांढरं, आणि कुठं काही उभं नाही. जे पाहायला आलो ते हेच, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण भिंत नसलेल्या जागी उभं राहिलं की आपणच एक उभी वस्तू होतो आणि वारा चारी बाजूंनी आपल्यालाच विचारतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, वेळ झाली होती. त्यानं जॅकेट अंथरलं, सूर्य उतरत होता त्या बाजूला तोंड केलं आणि नमाज पढला. उठताना त्याला अम्मीचा सलाम आठवला आणि शरमेनं कानशिलं तापली. का कोण जाणे, तो उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, नाना, गौहरनं सलाम सांगितलाय. पुन्हा एकदा म्हणाला. लेण्यात शब्द टाकला की तो भिंतींना लागून परत येतो. पाहुण्यांना ते करून दाखवायचं असतं. इथं गेलेला आवाज परत आला नाही. नंतर निघायच्या दिवशी हॉस्टेलच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात, जिथं पोरं आपापल्या गावावर टाचणी लावायची, तो औरंगाबाद शोधायला गेला आणि बोट मध्येच थांबलं. अरबस्तान तिथून उजव्या हाताला होतं. पूर्वेला. बावीस दिवस, पाचही वेळा नाही पण जेव्हा जेव्हा पढला तेव्हा, त्यानं काब्याकडं पाठ केली होती. किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, मावळतीला, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला विचारावं लागलं नव्हतं. दुनिया गोल आहे, असं त्यानं मनाला समजावून पाहिलं. मनानं ऐकलं नाही. मुंबईला उतरल्यावर स्टेशनसमोरच्या न्हाव्याकडं बसून त्यानं डोकं साफ करून घेतलं, उमऱ्याहून येणाऱ्याचं असतं तसं, आणि आरशात जो माणूस दिसला त्याची त्याला किळस आली.

खजूर घेऊन तो घरी आला तेव्हा अम्मीची जोहरची, दुपारची, नमाज झाली होती. हातात तस्बीह, जपाची माळ, होती. दोन दिवसांपासून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती त्याच्या वतीनं दुआ देत होती आणि विमानवाल्यांनी जमजमच्या पवित्र पाण्याचा कॅन हरवला, हे त्याचं म्हणणं आणखी तिखट करून सांगत होती. आता घरात दोघंच होती. वहिदा खजुराला येईल, ती म्हणाली, आणि मग जरा पुढं सरकून तिनं विचारलं की बकीत आत गेल्यावर कुठल्या अंगाला उभा राहिलास. मुंबईच्या गाडीत फारूखनं मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं. आत गेलं की उजव्या हाताला, त्यानं सुरुवात केली, आणि स्वतःचा आवाज त्याच्या कानावर पडला. तोच आवाज, कमावलेला, न पाहिलेल्या शतकांबद्दल ज्यात तो पंचवीस वर्षं बोलत आला होता. समोर अम्मीचं तोंड किंचित उघडं होतं. इतक्या विश्वासानं त्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"अम्मी, मी तिथं गेलोच नाय," तो म्हणाला.

मग त्याला थांबता येईना. कुठं गेला, का गेला, थंडी, खाटा, शेंगदाण्याचं सूप, पैसे न घेणारी बाई, पांढरी जमीन, उलट्या दिशेची नमाज, न्हावी, सोललेली चिठ्ठी, सगळं तो सांगत सुटला. मिठावर उभं राहून दिलेला सलाम तेवढा त्यानं गाळला. परक्या मुलकात, काब्याकडं पाठ करून दिलेला सलाम म्हणजे थट्टाच, ती आईला काय सांगायची. अम्मीच्या हातातली तस्बीह थांबली होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, तिथंही मावळतीकडं तोंड केलंस? तो व्हय म्हणाला. मशिदीत कुणी वाकडा उभा राहिला तर शेजारचा माणूस काही न बोलता खांदे धरून त्याला सरळ करतो. लहानपणी अम्मीनंच त्याला घरात कितीदा तसं फिरवलं होतं.

"अन् कुणी धरून फिरवलं नाय तुला?"

"कुणी नव्हतंच, अम्मी."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सूपवाल्या बाईलाही नाही.  मग तो म्हणाला की नानांना सलाम पोचवायचा राहिला, मला माफ कर.

"पोचवणार कसा," अम्मी म्हणाली. "ते तिथं नायत."

त्याला वाटलं, रागानं बोलतेय. पण ती भिंतीकडं पाहून सावकाश सांगायला लागली. हैदराबादला जातो म्हणून निघाले, एवढंच खरं. पुढं कुठं गेले, कुणी नेलं, कुठं पडले, कुणालाच ठाव नाय. त्या दिवसांत अशी लई माणसं गेली. तिची आई वर्षभर दारात बसली. लोक विचारायचं थांबेनात, तेव्हा एक दिवस आईनंच सांगून टाकलं की हजला गेले आणि मदिन्यात वारले. लोकांना ते पटलं. ते मुबारकबाद द्यायला आले. नऊ वर्षांच्या गौहरला आईनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं, तुला खरं ठाऊक आहे, तू तोंड उघडायचं नाही. "बाया म्हणाल्या, अशा मुबारक मौतीवर रडू नये. मग मी रडलेच नाय."

फारूखनं विचारलं, मग मला तिथं सलाम घेऊन का पाठवलंस?

"सत्तर वर्षं सांगत आले रे. माझं मलाच खरं वाटाया लागलं होतं. म्हटलं, तू जाऊन आलास की ते तिथं असतील."

एकाच घरात तो तिच्याबरोबर आयुष्यभर राहिला होता. नानांची गोष्ट सांगताना तिचा आवाज सरळ का होतो, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. परक्या देशात आपण एकटे पडलो म्हणून तो तीन आठवडे स्वतःची कीव करत हिंडला, आणि ही नऊ वर्षांची असल्यापासून एकटी बसलेली. त्याला तिच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं. तो उठलाही. तेवढ्यात दारातून वहिदा आत आली, डोक्यावर ओढणी घेत.

तिनं खजूर दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला. तख्ताच्या कडेला बसली आणि म्हणाली, "फारूखभाई, नानांच्या कबरीवर गेलता का?" फारूखनं तोंड उघडण्याआधी अम्मीच बोलली.

"गेला ना. पांढरी जमीन हाय म्हणतो. नजर पोचंल तिथवर पांढरी. झाड नाय, झुडूप नाय, कबरीवर नाव नाय. लई थंडी."

मदिन्यात थंडी कशी, वहिदानं विचारलं. तिचा भाऊ तिथं ड्रायव्हर होता. तुझा भाऊ गाडीत बसतो, अम्मी म्हणाली, हा उघड्यावर उभा होता. मग ती सांगत राहिली. श्वास पुरत नाही तिथं. एका बाईनं रोज शोरबा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. विचारलं, बरोबर कुणी नाय का म्हणून. फारूख ऐकत होता. तिनं काही सोडलं नव्हतं. अम्मीखेरीज कुणाला न सांगता आलेला त्याचा प्रवास त्याच्याच घरात मोठ्यानं सांगितला जात होता, दुसऱ्या गावाच्या नावानं का होईना, आणि तो सांगताना म्हातारीच्या आवाजात माया होती.

"अन् खालांचा सलाम सांगितला ना?" वहिदानं अम्मीकडं मान करून विचारलं.

 याबद्दल फारूखनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. अम्मी खिडकीकडं पाहायला लागली.

"सांगितला," फारूख म्हणाला. "मोठ्यानं सांगितला. नाना, गौहरनं सलाम सांगितलाय. असं दोनदा म्हटलं."

अम्मीनं मान वळवली. मघा बकीबद्दल सांगतानाचा कमावलेला आवाज हा नव्हता. 

"कुठं?" तिनं विचारलं.

"त्या पांढऱ्या जमिनीवर. उभं राहून."

"मग?"

"आवाज परत आला नाय, अम्मी. लांब गेला."

अम्मीनं पदर तोंडावर घेतला. आधी तिचे खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि तो म्हातारीचा वाटत नव्हता. वहिदा घाबरली. तिनं अम्मीला कवेत धरलं आणि थोपटत म्हणाली की खाला, अशा मुबारक जागी असलेल्या माणसासाठी रडू नये.

"रडू दे तिला," फारूख म्हणाला.